दाजींना सांगू नको

वडगाव रासाई
१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

ताई,

पाकीट बघून दचकली असशील. आजकाल पोस्टानं बँकेची नोटीस येती नाहीतर कोर्टाची तारीख, माणसाचं पत्र कोण धाडतंय! पण करू काय? तुला फोन लावला की आतली बाई म्हणती, व्यस्त हाय. तीन वर्सं माणूस व्यस्त कसं राहतंय गं? शेवटी अंकितानं बघून सांगितलं, "आई, मावशीनं तुला ब्लॉक केलंय." म्हणलं असू दे. पोस्टाला काय ब्लॉक करता येत न्हाई. फाडायचं म्हणलं तरी आधी हातात घ्यावंच लागंल.

हिकडं सगळं बरं हाय. कांदा लावून झाला. ऊस तोडीला आलाय, टोळीची वाट बघतोय. अंकिताची पोरगी रांगायला लागली, आन् रांगत सरळ चपलांकडं जाती.

आता खरी बातमी. हसू नको. मी पेटी शिकती. वाजवायची पेटी. एक्कावन्नाव्या वर्सी! श्रावणात सुरवात केली.

पेटी ह्यांनी आणली, मला न विचारता. न्हावऱ्याच्या भजनी मंडळानं नवी घेतली, तर त्यांची जुनी हे टेम्पोत घालून घेऊन आले आन् म्हणले, "अंकिता गेल्यापास्नं तू भिंतीसंगं बोलतीस. त्यापेक्षा हिच्यासंगं बोल." एक पांढरी पट्टी दाबली की खालीच बसती, तिला नखानं उचलावी लागती. भात्याला भोक हाय, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. पण आवाज काय गोड हाय गं!

क्लासात आम्ही नऊ जणं. सात पोरं चौथीच्या खालची, एक आजी आन् एक मी. माझ्या फुडं आठ वर्सांची पोरगी बसती. तिचं झालं की मागं वळून विचारती, "काकू, अजून तिथंच?" शिकवायला गेणबा बुवा हायेत, रिटायर मास्तर. बोलणं कमी. चुकलं की पेटीच्या लाकडावर टिचकी मारत्यात, बास. पयल्या महिन्यात माझ्या वाट्याला नुसत्या टिचक्या. उजव्या हाताची बोटं चालली की डावा हात भाता हाणायचा विसरायचा. भाता चालला की बोटं थांबायची. अगं, जल्मभर ह्याच दोन हातांनी भाकऱ्या थापल्या, खुरपलं, धारा काढल्या, आन् त्या खोक्याफुडं बसलं की दोन्ही हात शेजारच्या बाईचे वाटत्यात. पण दसऱ्याच्या सुमारास एकदम जमलं. सा पास्नं सा पर्यंत गेले आन् परत आले. बुवांनी टिचकी मारली न्हाई. घरी येऊन मी एकटीच दोन पेढे खाल्ले.

क्लास कुठं, म्हणशील. हाय हितंच, जवळपास.

आता अंकिताच्या लग्नाचं. ते मी किती वेळा सांगितलं. बाराशे माणूस मांडवात. माईकवर नावं पुकारून एकेकाला फेटा बांधत व्हते. सरपंचाच्या मेव्हण्याला बांधला, कारखान्याच्या माजी संचालकाला बांधला, आन् नवरीच्या सख्ख्या मावशीचा नवरा तसाच बसला. वाईटच झालं. पण गडबडीत दाजींच्या नावाची चिठ्ठी माईकवाल्याला द्यायची राह्यली, तर राह्यली. विसरल्याबद्दल कुणी माणसाला फासावर देतं का? जेवला न्हाईत, पाठवणीला थांबला न्हाईत, आन् तवापास्नं आवाज बंद.

दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालंल.

तुझी,
सुलक्षणा

वडगाव रासाई
१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

ताई,

तुझं उत्तर न्हाई. माझं पत्र परत बी आलं न्हाई. म्हंजी पोचलं. त्यात मी एक लपवलं व्हतं, ते पोटात राहीना, म्हणून पुन्यांदा लिहिते.

क्लास यवतला हाय. व्हय, तुझ्या यवतला. शिरूरला बी हाय एक, एका गाडीत जाता येतं. तरी मी दर गुरुवारी पारगावचा पूल ओलांडते, चौफुल्याला गाडी बदलते, ट्रकांचा धूर खात यवतला उतरते, आन् सरळ क्लासाला जायचं सोडून तुझ्या आळीतनं वळसा घालते. का, ते विचारू नको. तुझं घर बघायला. झालं समाधान? दारातली कोरफड वाढलीया. न्हाणीचा दरवाजा निळा केला, तो काय मला आवडला न्हाई.

काल तर मी पाण्याच्या जारच्या टेम्पोमागं लपून उभी राह्यले. तू दिसली न्हाईस. ओट्यावर तुझा नवरा मेथी निवडत बसला व्हता! मारुतराव! हातातला तांब्या बी दुसऱ्यानं भरून द्यावा लागणारा गडी! देठं बाजूला, पानं बाजूला, अगदी नवऱ्या मुलीवानी मान खाली घालून. माझा डोळ्यावर विश्वास बसंना. हे वळण कवा लावलंस गं? का त्यांच्यावर बी रुसलीस?

माझा काय त्यांच्यावरचा राग गेलेला न्हाई, सांगून ठेवते. लग्नाच्या आधीची दिवाळी आठव. तुझ्याच घरी, फराळाला सोळा माणसं. मी सहज बोलून गेले की अंकिताचं लग्न झालं की मी पेटी शिकणार. तर रेडा काय म्हणला? "शिक की. आमच्या म्हशीला तबल्याला बसवू, जुगलबंदी हुईल." सगळी हसली. हसू देत, परकी माणसं. पण तू बी हसलीस, ताई. सगळ्यात मोठ्यानं तूच. तुझ्या डोळ्यात पाणी आलं हसून हसून. मी चिवडा खात बसले.

असो. पत्र भांडायला लिहिलं न्हाई.

आमच्या क्लासातल्या आजीची गंमत सांगते. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या असतील. भाचीकडं राहायला आल्यात यवतला. सगळी त्यांना माई म्हणत्यात. साडी इस्त्रीची, बोलणं एकदम पुण्याचं, आन् पेटी माझ्यापेक्षा वाईट! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यांचा डावा खांदा आखडलाय, हात मागं जात न्हाई, मग भाता मारणार कोण? तर मी त्यांच्या डाव्या अंगाला बसून त्यांचा भाता मारते आन् त्या उजव्या हातानं वाजवत्यात. एक पेटी, दोन बायका. मी त्यांना दटावते बी. "माई, बोट वाकवा. माई, घाई करू नका, गाडी चुकणार न्हाई." बुवा माझ्याकडं नुसते बघतात. पोरं तोंड दाबून हसतात. पण माई शहाणी बाई. म्हणत्यात, "बरं, सुलक्षणाबाई."

थंडी पडली. तुझे गुडघे जप.

सुलक्षणा

वडगाव रासाई
९ जानेवारी २०२६, शुक्रवार

ताई,

खाली बस आन् मग वाच. उभ्यानं वाचण्यातलं हे पत्र न्हाई.

माहेरी शेवंती तोडताना तू मला एक गोष्ट सांगायचीस, आठवती? 'आठ दिवसांची पाहुणी'. तुझ्या शाळेत पुस्तक व्हतं, आन् तू रोज दोन पाटी फुलं होईस्तोवर थोडी थोडी सांगायचीस. दोघी बहिणी. धाकटी आठ दिवस राहायला येती, दोघींचं भांडण हुतं, धाकटी तोंड फिरवून जाती. मग वर्सांमागं वर्सं. शेवट तू कसा सांगायचीस! धाकटी एके दिवशी येती, दार उघडंच असतं, सरळ आत जाती, पाय धुती, आन् चुलीवरची भाजी लागत आलेली असती ती हलवती. मोठी परसातनं येती, बघती, आन् म्हणती, "मीठ घातलं न्हाई अजून." बास, संपलं. मी दर वेळी रडायचे, आन् तू म्हणायचीस, फुलं भिजतील, गप.

मग अंकिता कॉलेजला व्हती तवा तिनं लायब्ररीतनं तेच पुस्तक आणलं. वत्सला ढमढेरे. मी दोन दिवसात वाचून काढलं, आन् शेवट बघते तर काय! धाकटी रस्त्यावरनंच घर बघती आन् मागं फिरती. पुन्यांदा येतच न्हाई. मला वाटलं पानं चुकीची लागली. बाकीचं पुस्तक मी त्यानंतर पाच वेळा वाचलं, त्या बाईची सगळी पुस्तकं वाचली, जीव हाय माझा त्या बाईच्या लिहिण्यावर. पण तो शेवट मी तिला माफ केला न्हाई.

आता काल काय झालं ते ऐक. बुवांना यायला उशीर झाला. पोरं पतंगाच्या नादात बाहेर. माई आन् मी दोघीच. त्या म्हणल्या, "वाचता का काही, सुलक्षणाबाई?" झालं! माझ्या तोंडाला कुलूप कुठलं! मी सगळं पुस्तक सांगितलं त्यांना, हातवारे करून. आन् वर म्हणले, "शेवट मात्र बाईनं घाण केला, माई. एवढी दोनशे पानं आपण त्या पोरीच्या मागं मागं चालायचं, आन् तिला दाराची कडी वाजवता येऊ नये? मला तर वाटतं बाईला शेवटी शेवटी कंटाळाच आला आसंल."

माई म्हणल्या, "आला होता."

"तुम्हाला वो कसं ठावं?"

"मीच लिहिलंय ते. प्रकाशक मागे लागला होता, घरात पाहुणे होते, आणि मला त्या दोघींचा वीट आला होता. एका दुपारी संपवून टाकलं."

ताई, माझा हात भात्यावर व्हता. भाता तसाच बंद झाला आन् पेटी हळूच कण्हली. ज्या बाईला गेले दोन महिने मी "बोट वाकवा, बोट वाकवा" म्हणत व्हते, ती वत्सला ढमढेरे! पुस्तकावर फोटो न्हाई, काय न्हाई, कसं ओळखायचं? मी पाया पडायला वाकले तर म्हणल्या, "आधी सांगा, कसा हवा होता शेवट?"

मग मी तुझा सांगितला. चूल, भाजी, मीठ. त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग म्हणल्या, "कुणाचा हा?"

"आमच्या ताईचा."

"माझ्यापेक्षा बरा आहे. मला भेटायचंय तुमच्या ताईंना. कुठे असतात?"

आन् मी काय म्हणावं? "लांब." "किती लांब?" "सोलापूरकडं." जीभ झडली कशी न्हाई माझी! क्लासाच्या खिडकीतनं मान काढली तर तुझ्या घरावरची पाण्याची टाकी दिसती.

यष्टीत बसल्यावर मला हसू बी येत व्हतं आन् स्वतःचा राग बी. आपल्या दोघींची लाडकी लेखक बाई, तुझ्या घरापास्नं दोन आळ्यांवर, तुला भेटायचं म्हणती. आन् मी तिला सोलापूर दाखवते.

सुलक्षणा

वडगाव रासाई
३० जानेवारी २०२६, शुक्रवार

ताई,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी हाय. वाचून चुलीत घाल, आता गॅसवर जाळ. दाजींना सांगू नको. तुझ्या गळ्याची आण.

आधी कार्यक्रमाचं सांगते. रविवारी, ८ फेब्रुवारीला, यवतच्या वाचनालयात ढमढेरे बाईंचा सत्कार हाय, दुपारी चारला. कमिटीची माणसं भाषणासाठी मागं लागली, तर त्या म्हणल्या, "भाषणं खूप झाली. मी पेटी वाजवीन. भाता सुलक्षणाबाई मारतील." बुवांच्या कपाळाला आठी पडली, पण बोलतात काय! झालं, मी यवतच्या स्टेजवर बसणार.

बाई मला म्हणल्या, "सोलापूरला पत्र पाठवते. पत्ता द्या." तवा खरं सांगावं लागलं. म्हणले, ती हितंच हाय, बोलत न्हाई. का? तर मी तीच टेप लावली. लग्न, गडबड, बाराशे माणूस, चिठ्ठी राह्यली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, अगदी साधं. "चिठ्ठी तुमच्या कुठल्या हातात होती?"

मी पटकन म्हणले, "हातात न्हाई. पदराच्या गाठीत. डाव्या."

आन् मग माझ्या ध्यानात आलं मी काय बोलले ते. विसरलेल्या चिठ्ठीची गाठ कुणाला आठवत न्हाई. त्यांच्या बी ध्यानात आलं. त्या पेटीवरची धूळ पुसत बसल्या.

तर आता ऐक. मी विसरले नव्हते. ह्यांनी स्वतः माझ्या हातात चिठ्ठी दिली व्हती. म्हणले, "मारुतरावांचं नाव यादीत राह्यलंय, पळ, माईकवाल्याला दे." मी निघाले बी. आन् मांडवात दाजी दिसले. दुसऱ्या रांगेत, सोफ्यावर, कडक इस्त्रीचा शर्ट. शेजारच्याला काहीतरी सांगून हसत व्हते. मला एकदम ती दिवाळी आठवली. म्हैस, तबला आन् ते सोळा जणांचं हसणं. म्हणलं, थांब. सोळा माणसांत माझं हसं केलंत ना? आता हजारात पाच मिन्टं बसा. कळू द्या कसं वाटतं. आन् मी चिठ्ठी पदराला बांधली.

पाच मिन्टांनी देणार व्हते, ताई. खोटं न्हाई सांगत. पण पाचाची दहा झाली. एकेक नाव पुकारलं की दाजी मान वर करायचे, आन् दुसऱ्याचंच नाव निघायचं. आन् मग त्यांनी काय केलं ठावं हाय? टोपी काढली. फेटा बांधायला सोपं जावं म्हणून टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, केसांवरनं हात फिरवला, आन् तयार होऊन बसले. मी खांबाआडून बघत व्हते. तवा तरी मी पळायला पाहिजे व्हतं. पाय हलला न्हाई. मग मंगलाष्टका सुरू झाल्या, माईक भटजीकडं गेला, आन् दाजी तसेच उघड्या डोक्यानं उभं राहून अक्षता टाकत राह्यले.

एवढं झाल्यावर बी मी तीन वर्सं "राह्यली, राह्यली" म्हणते. ह्यांना बी खरं सांगितलं न्हाई. ते बिचारे समजतात, चिठ्ठी त्यांनीच उशिरा दिली. तीन वर्सं स्वतःला बोल लावतात.

माझं चुकलं, ताई. तू हसलीस त्याचा राग मी तुझ्या नवऱ्यावर काढला, कारण तुझ्यावर काढायची माझी हिंमत नव्हती. हेच खरं हाय.

कार्यक्रमाला ये. मला बघू नको पाहिजे तर, ढमढेरे बाईंना भेट. त्या तुझी वाट बघतायत. आन् दाजींना यातलं काही कळू देऊ नको. त्यांच्या मनात मी विसराळूच राहू दे. दुष्ट ठरण्यापेक्षा ते बरं.

सुलक्षणा

वडगाव रासाई
१० फेब्रुवारी २०२६, मंगळवार

दाजींस नमस्कार,

ताई शेजारी टेकून बसली आसंल, डोळ्यात थेंब घालून झाले असतील. मग सुरू करा.

तुम्ही दोघं रविवारी तिथंच व्हता, पण स्टेजवरनं मला कसं दिसलं ते ऐका. बाई आन् मी पेटीफुडं बसलो. मी भाता धरला. त्यांनी भूप काढला. भूप सोपा, सात सुरांतले दोन घ्यायचेच नसतात, म आन् नी, म्हणून बुवा नवख्याला तोच शिकवतात. बाईंनी आठ-दहा सूर बरे लावले आन् अडकल्या. पुन्यांदा पयल्यापास्नं, पुन्यांदा तिथंच अडकल्या. मग माईकमधी म्हणल्या, "माझं एवढंच येतं. उरलेलं सुलक्षणाबाई वाजवतील." आन् खुर्ची सरकवून बाजूला! मला आधी सांगावं की न्हाई? सगळं वाचनालय माझ्याकडं बघतंय, पाणी प्यायला बी सवड न्हाई. मी पदर खोचला आन् सुरवात केली.

चांगलं चाललं व्हतं, दाजी. बोटं आपली आपली चालली व्हती. अशी कवाच चालली नव्हती. आन् मान वर केली तर तिसऱ्या रांगेत ताई. काळा गॉगल लावून! म्हणलं, बघा, आली ती हिरॉईन होऊन आली, मला डोळे दाखवायला बी तयार न्हाई. तिथं माझं बोट म वर पडलं. बुवांनी बसल्या जागी खुर्चीच्या दांडीवर टिचकी मारली. पण मी थांबले न्हाई, शेवटपर्यंत गेले. टाळ्या पडल्या त्या खऱ्या पडल्या की बिचारी म्हणून पडल्या, मला काय करायचंय! मी वाजवलं.

खाली उतरले तर ताई पायरीपाशी तुमचा दंड धरून उभी. आन् तीन वर्सांनी मला पयलं काय म्हणावं? "हात दे गं. पायरी दिसंना." तवा कळलं. मोतीबिंदू. दिवाळीपास्नं सगळं धुरकट, जानेवारीत दौंडला ऑपरेशन, आन् मला कुणी कळवलं न्हाई. कळवणार कसं म्हणा. तुम्ही मेथी का निवडत व्हता, ते बी कळलं. त्यावर मी किती दात काढले व्हते! लाज वाटली.

मी म्हणले, "मग माझी पत्रं?"

ताई म्हणाली, "ह्यांनी वाचली. मोठ्यानं. जेवण झालं की."

दाजी, खरं सांगते, धरणी फाटावी आन् मला आत घ्यावं, असं झालं. मी भराभरा आठवायला लागले काय काय लिहिलंय ते. तर तुम्हीच म्हणलात, "रेड्याचं मी दोनदा वाचलं. तुझी ताई लई दिवसांनी हसली, म्हणून पुन्यांदा." उत्तर का दिलं न्हाई, विचारलं तर म्हणता, "उत्तर दिलं आसतं तर तू पत्रं बंद केली आसतीस. आमची करमणूक गेली आसती." बरं हाय! मी हिकडं झुरत व्हते आन् तुमचा खेळ चालला व्हता!

पण मग चौथं पत्र आठवलं, आन् माझं हसणं तिथंच थांबलं.

तुम्ही चहा आणायला गेलात तवा ताईनं सांगितलं. म्हणाली, "चिठ्ठीचं आलं तिथं हे वाचायचे थांबले. उठून बाहेर ओट्यावर गेले. मला वाटलं आता पत्र फाडत्यात. पण आत आले, चष्मा पुसला, आन् जिथं थांबले व्हते तिथनं पुन्यांदा वाचायला लागले. 'दाजींना सांगू नको', ते बी वाचलं. तू लिहिलंस ते सगळं वाचलं, एक शब्द गाळला न्हाई."

चहा घेऊन आलात आन् मला नुसतं एवढंच विचारलंत, "टोपी काढून बसलो व्हतो, ते दिसलं व्हतं व्हय तुला?"

मी म्हणले, "व्हय."

तुम्ही म्हणलात, "मला वाटायचं कुणी बघितलं न्हाई."

आन् चहा फुडं केलात. तेवढ्यात ढमढेरे बाई आल्या, ताईचे दोन्ही हात धरले आन् म्हणल्या, "मीठवाल्या ताई तुम्हीच का?" त्यांनी विचारलं हा शेवट सुचला कसा, तर आमची ताई म्हणती, "सुचला कुठला वो! शाळेच्या पुस्तकाची शेवटची पानं फाटली व्हती. हिला रोज फुलं तोडायला न्यायची म्हंजी काहीतरी सांगायला तर पाहिजे." बाई एवढ्या हसल्या की भाचीला त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. चाळीस वर्सं मी जो शेवट उराशी धरून बसले, तो फाटक्या पुस्तकाचा! मी बी हसले, तुम्ही बी हसलात. त्या हसण्यात सगळं मिटलं असं सगळ्यांना वाटलं. ताईनं फोनातनं माझं नाव मोकळं करायला लावलं. तुम्ही मला गाडीत बसवून दिलंत, खिडकीतनं केळी दिलीत.

ह्यांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. रात्री ते नीट जेवले.

आता फोन चालू झालाय, तर मग हे पत्र कशाला, असं ताई विचारंल. ह्याच्यासाठी, की काल दिवसभर पेटीवर बसले तरी बोट चालंना. मिटलं, पण मी मिटवलं नव्हतं. त्या चौथ्या पत्रात मी माफी मागितली ती ताईची. तुमची मागितलीच न्हाई. वर तुम्हाला कळू नये म्हणून शपथा घातल्या. आन् रविवारी तुम्ही समोर उभं व्हता, चहाचा कप हातात, तरी मला ते दोन शब्द जमले न्हाईत. फोनवर बी जमायचे न्हाईत, मी पेटीचं, पोरीचं, कांद्याचं बोलत बसंन आन् फोन ठेवून देईन. माझं मला ठावं हाय.

म्हणून लिहिते. ताईला न्हाई, तुम्हाला. मारुतराव दाजी, त्या दिवशी तुमच्या नावाची चिठ्ठी माझ्याकडं व्हती, तुम्ही वाट बघताय हे मला दिसत व्हतं, आन् मी ती मुद्दाम दिली न्हाई. मोठं माणूस उघड्या डोक्यानं माझ्या लेकीवर अक्षता टाकून उपाशी गेलं. माझं चुकलं, दाजी. मला माफ करा.

हे बी मोठ्यानं वाचा.

तुमची मेव्हणी,
सुलक्षणा